लोंगनाची तहान

कोळवणच्या खोऱ्यात दिवाळी सरली की सकाळ उशिरा होते. सूर्य आपल्या वेळेवरच उगवत असणार, त्याच्याविषयी कुणाची तक्रार नाही. पण वळकी नदीवरून धुकं उठतं आणि भातखाचरं, गंजी, गोठे, माणसं अशा सगळ्यांना पांघरूण घालून बसतं. त्या धुक्यात रंभाबाईला रोज एक माणूस उभा दिसायचा. अंगावर घोंगडी, मान जराशी तिरकी. डोक्यावर हंडा घेऊन ती ओढ्यावरून यायची, परड्याच्या कुडाशी थबकायची आणि मनातल्या मनात म्हणायची, आले बरं का. मग चार पावलं पुढं गेलं की त्या माणसाचं झाड व्हायचं. घोंगडी तेवढी खरी असायची, कारण ती झाडाच्या बुंध्याला गुंडाळलेली होती.

झाडाला घोंगडी पांघरणारं घर पंचक्रोशीत हे एकच. त्यामुळं पत्ता सांगायला सोपं जायचं. पौडहून येणाऱ्या यष्टीच्या कंडक्टरलासुद्धा 'घोंगडीवालं झाड' म्हटलं की कळायचं. हसायचा तोही, पण उतरवायचा बरोबर.

झाड होतं लोंगनाचं. लोंगन म्हणजे काय, हे अख्ख्या गावात एकट्या कुशाबाला ठाऊक होतं, आणि कुशाबाच्या बोलण्यावर गावाचा काडीचा विश्वास नव्हता.

कुशाबा म्हणजे रंभाबाईचा नवरा. माणूस उंच, हडकुळा आणि जरा हवेतला. नांगर धरला तरी त्याचं लक्ष नांगरटीच्या तासात नसायचं. डोंगरावरून ढगाची सावली उतरायला लागली की तो बैल थांबवून ती खाली पोचेपर्यंत बघत राहायचा. बैलांना तेवढाच विसावा मिळायचा, त्यामुळं बैलांचा त्याच्यावर फार जीव होता. रंभाबाई लग्न होऊन आली तेव्हा चौदा वर्षांची होती. पुढं दहा वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नाही. सासू स्वभावानं वाईट नव्हती, उतावीळ होती. या भागात एक चाल आहे. जे झाड फळत नाही त्याला ग्रहण लागलं असताना एखाद्या लेकुरवाळीनं मुसळ मारायचं. झाड खडबडून जागं होतं म्हणे. सासूनं विचार केला, फणसाला जे चालतं ते सुनेला का चालू नये? एका ग्रहणात तिनं शेजारची लेकुरवाळी बोलावली आणि रंभाबाईच्या पाठीत तीनदा मुसळ मारवलं. तसं हळूच मारलं, पण मुसळच ते.

कुशाबा संध्याकाळी घरी आला. त्याला कळलं. कोपऱ्यातलं मुसळ त्यानं उचललं आणि ओढ्याच्या डोहात नेऊन सोडून दिलं. पुढचे आठ दिवस त्या घराला शेजाऱ्याचं मुसळ मागून भात कांडावा लागला. पण सासू हटली नाही. थोड्या दिवसांनी तिनं दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तसा हा चालत पुण्याला गेला आणि पलटणीत भरती झाला. लढाईवर जाणाऱ्यांची कारणं नाना असतात. कुशाबा घरात सवत येऊ नये म्हणून लढाईवर गेला.

तो परत आला तो पंचेचाळीसच्या दसऱ्याला. पायानं लंगडत आला. बरोबर ट्रंक होती, पण ती त्यानं हमालासारखी ओढत आणली आणि कोकोचा एक डबा मात्र तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरून आणला. डब्यात ओलं शेवाळ होतं आणि शेवाळात नऊ बिया. ब्रह्मदेशाच्या डोंगरात तो तापानं फणफणून एका झोपडीत पडला होता. बाहेर धो धो पाऊस. एका म्हाताऱ्या चिनी बाईनं पाटीतून फळं आणली, एक सोललं आणि त्याच्या तोंडात घातलं.

"सोललं की डोळा," कुशाबा सांगायचा. "पांढरा, पाण्यावानी. आत काळं बुबूळ. आन् गोड म्हंजे किती? साखरंच्या पाकात मोगरा बुडवून ठिवावा, तसं. तोंड भरून जातंय. लोंगन म्हणत्यात त्याला. खाल्लं आन् मला वाटलं, ह्ये रंभीला द्याया पायजे."

बोटीत, आगगाडीत, आपल्या वाटणीचं प्यायचं पाणी थेंब थेंब त्या शेवाळावर शिंपडत त्यानं बिया आणल्या. नऊमधल्या सात कुजल्या. दोन रुजल्या, त्यातला एक कोंब कोंबडीनं खाल्ला. एक राहिला, तो परड्यात लावला.

गावानं डोळे खाण्याची गोष्ट महिनाभर पुरवून पुरवून सांगितली. कुशाबाचा धाकटा भाऊ भिवाजी हा तर उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस. सख्ख्या मेव्हण्याच्या सोयरिकीत, त्याचाच एक पाय अधू आहे हे चारचौघांत सांगून बैठक मोडणारा हाच. त्यानं थोरल्या भावाला तोंडावर सांगितलं, "दादा, तुला ताप व्हता. तापात काय बी दिसतंय. उगा थापा मारू नगंस." कुशाबा हसला. त्याला राग यायचा नाही, हेही गावाच्या दृष्टीनं त्याच्या खोटेपणाचं एक लक्षणच होतं.

झाड वाढवायची रीत कुशाबानं आपल्या आठवणीतून काढली होती. त्या मुलखात सारखा पाऊस, झाडाच्या बुडाशी कायम ओल, हवेत उबारा. मग इथं मुळशीच्या थंडीत त्याचं कसं व्हायचं? म्हणून दिवाळीपासून पुढं पाऊस लागेपर्यंत रोज सकाळी दोन हंडे पाणी, तेही चुलीवर ठेवून थंडी मोडलेलं. बुंध्याला घोंगडी. तिन्हीसांजेला पाटीभर भाताचं तूस पेटवून धुराची ऊब. पाणी आणायचं काम अर्थात रंभाबाईचं. ती कुरकुरायची. म्हणायची, "माझ्यासाठी कधी पानी तापवलं न्हाई त्ये." पण तिची कुरकुर खरी नव्हती. कारण ती पाणी ओतायची तेव्हा कुशाबा शेजारी उकिडवा बसून त्या देशाचं काहीतरी सांगायचा. ढगात बुडालेले डोंगर. चिखलात रुतलेल्या तोफा ओढणारे हत्ती. पागोळ्यांखाली दिवसभर उभी राहणारी बदकं. पाणी आळ्यात फिरत जायचं, धुक्यातून त्याचा आवाज यायचा आणि रंभाबाईला वाटायचं, कोळवण कुठं तरी खाली राहिलं आणि आपण दोघं त्या ढगातल्या डोंगरावर बसलोय. घरात बाकीची उठेपर्यंतचा तो घटकाभराचा संसार तिचा एकटीचा होता. तिला दुसरं काही फारसं नको होतं.

झाडानं या कौतुकाला मान दिला. घराच्या आढ्यावर गेलं. पानावर पान, वर्षातून दोन-तीनदा तांबूस पालवी, बघत राहावं असा डेरा. फक्त फूल नाही. दहा वर्षं झाली, बारा झाली, तेरा झाली. कुडापलीकडून जाणाऱ्या बायका 'वांझ हाय' म्हणायच्या. म्हणायच्या झाडाला, पण जरा मोठ्यानं म्हणायच्या. रंभाबाईला ते बरोबर पोचायचं. कुशाबाला पोचलं की तो म्हणायचा, "आलं तर येईल. न्हाई आलं तरी सावली हायच की." तो हे झाडाविषयी बोलतोय की तिच्याविषयी, हे तिनं कधी विचारलं नाही. दोन्ही धरून चालायची.

एकोणसाठच्या आषाढात, ऐन लावणीत, कुशाबा चार दिवसांच्या तापानं गेला. जाताना झाडाचं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रंभाबाईला सोपं गेलं असतं. सांगितलं नाही म्हणून तिनं सगळंच चालू ठेवलं. दिवाळी झाली तशी घोंगडी काढून झाडाला गुंडाळली, पाणी तापवलं, आणि ओतता ओतता बोलायला लागली. आज म्हैस आटली. भिवाजीच्या तुळजीच्या धाकट्याला दात आला. कोरड्या मातीत पाणी शिरताना बारीकसा आवाज येतो, तो तिला अगदी त्याच्या हुंकारासारखा वाटायचा. ती भ्रमली होती असं नाही. झाड आणि माणूस यातला फरक तिला कळत होता. पण सकाळच्या त्या घटकेपुरता तो फरक बाजूला ठेवायला काय हरकत आहे, असं तिला वाटायचं.

पुढची होळी झाली आणि भिवाजी परड्यात येऊन उभा राहिला. पागोटं हातात घेऊन उभा होता, म्हणजे बोलणं अवघड होतं.

"वैनी, झाडाची सावली तरव्यावर पडतीया. दोन सालं झाली, रोपं पिवळी निघत्यात. दुसरीकडं राब भाजायाला मला जागा न्हाई."

हे खोटं नव्हतं. भाताची रोपं घराजवळच्या त्या वाफ्यातच, पालापाचोळा जाळून भाजलेल्या मातीत करायची वहिवाट होती, आणि सावलीतल्या रोपाला जोर येत नाही हे रंभाबाईलाही दिसत होतं.

"दादाचं झाड, म्हून आज कुऱ्हाड आनली न्हाई," भिवाजी म्हणाला. "अजून येक साल बघू. फुडल्या होळीपतूर फुलावर आलं तर राहील. न्हाई आलं तर तोडायचं. चालंल का?"

"चालंल," रंभाबाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? घर त्याचं, खाचरं तो कसणार, आणि तो तिला दोन वेळा मानानं जेवायला घालत होता. झाड जाईल याचं दुःख होतंच. त्याहून मोठं दुःख असं, की झाड गेलं म्हणजे कुशाबा कायमचा थापाड्या ठरणार. आज निदान 'कोण जाणे' म्हणायला जागा होती. उद्या तीही उरणार नव्हती.

म्हणून त्या वर्षी तिनं दोनाचे तीन हंडे केले.

भात झोडून झालं की धुळाजी धनगर कोळवणात उतरायचा. त्याची मेंढरं रिकाम्या खाचरात बसवून घ्यायची, म्हणजे खत होतं. सत्तरीचा म्हातारा, दाढीचे खुंट पांढरे, बोलणं कमी. भिवाजीच्या खाचरात मेंढरं बसली होती, त्यामुळं त्याला कुडावरून परडं दिसायचं. दोन सकाळी त्यानं रंभाबाईची ये-जा पाहिली. तिसऱ्या सकाळी कुडापाशी येऊन काठीवर हनुवटी टेकली.

"लेकी, ह्याला रोज पाजतीस?"

"व्हय मामा. बारीक व्हतं तवाधरनं."

"आन् फळ न्हाई."

"न्हाई."

म्हाताऱ्यानं झाड खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मेंढी विकत घ्यायची असावी तसं. "लई माजलंया," तो म्हणाला. "माझ्या मेंढ्यांत अशी येक-दोन असत्यात. बारा महिनं हिरवं मिळालं का अंगानं अशी भरत्यात, आन् गाभण म्हून राहात न्हाईत. त्यांस्नी मी उपाशी ठिवतो. माळावर न्हेतो, वाळलं खाऊ घालतो. अंग उतरलं का मग नीट वळणावर येत्यात. गाभण राह्यल्या का मग काय दे त्ये दे."

"ह्ये जनावर न्हवं मामा. ह्ये तिकडलं झाड. तिकडं सारखा पाऊस असतोय."

"कोन म्हणतं?"

"त्ये म्हणायचे."

"किती दिस व्हता तितं कुशाबा?"

"त्या डोंगरात व्हय? चार महिनं. पाऊस लागला तवा गेले, आन् दसऱ्याला हितं."

"मग पावसाळाच बघितला की त्यानं," धुळाजी म्हणाला. "हिवाळ्यात तितं काय व्हतंय, त्येला काय ठावं? डोंगर म्हणतीस. डोंगरात थंडी पडल्याबिगर राहील व्हय? त्याची घोंगडी काढ. पानी तोड. फूल धरल्याबिगर येक थेंब दिऊ नगंस."

रंभाबाईला संताप आला. पाणी तोड म्हणे. कुणाचं पाणी तोडू? ती हंडा घेऊन तरातरा घरात गेली आणि दिवसभर धुळाजीच्या दिशेनं बघितलंसुद्धा नाही.

पण कामाला लागलेल्या हातांना डोकं मोकळं असतं. दुपारी तांदूळ पाखडत बसली आणि कुशाबाच्या सगळ्या गोष्टी एकामागून एक तिच्यासमोरून जायला लागल्या. हत्ती चिखलात. बदकं पागोळ्यांखाली. म्हातारी चिनी बाई आली ती डोक्यावर पानांचं इरलं घेऊन. तिनं प्रत्येक गोष्टीत शिरून बघितलं, कुठं ऊन आहे का, कुठं कुणी शेकोटीशी बसलंय का. कुठंच नव्हतं. तेरा वर्षं ती त्या देशात रोज सकाळी जाऊन आली होती आणि तिथं पाऊस कधी थांबलाच नव्हता. सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. तिला एकदम असं दिसलं, की त्या डोंगरावरचे ढग हळूहळू वर गेले, खाली कोरडं पिवळं गवत आहे, गार वारा सुटलाय आणि असंच एक झाड उघडं उभं आहे. आणि तिथं कुशाबा नाही. तो आधीच घरी निघून आलाय, डबा छातीशी धरून, बिया तिच्यासाठी घेऊन.

दुसऱ्या दिवशी तिनं ओढ्यावरून हंडा आणला, चुलीवर ठेवला नाही, परड्यातही गेली नाही. गोठ्यातल्या डोणीत ओतला. मग जाऊन बुंध्याची सुतळी सोडली आणि घोंगडी काढून घेतली. घोंगडी आतून जरा उबदार होती. तिनं ती घडी करून काखेत धरली आणि मागं न बघता घरात आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती कुडाशी थबकली. धुक्यात माणूस नव्हता. नुसतं झाड होतं. दीड वर्षापूर्वी तिचं कुंकू गेलं होतं, बांगड्या गेल्या होत्या, सगळं झालं होतं; पण नवरा गेल्याचं तिला खरं कळलं ते त्या सकाळी. ती तिथंच कुडाला धरून उभी राहिली आणि म्हशी रेकायला लागल्या तशी कामाला गेली.

तो हिवाळा तिनं कसा काढला, तिचं तिला माहीत. परड्याकडून जायचंच तिनं सोडलं. ओढ्यावरून येताना लांबचा वळसा घालायची. पौषात थंडी अशी पडली की खाचराच्या बांधावर दव गोठून पांढरं दिसायचं. झाडाची पानं निस्तेज झाली, कडेनं वळली, काही गळली. हवेत धुरळा उडाला तो पानांवर बसला. भिवाजीची बायको तुळजाबाई एकदा भीत भीत म्हणाली, "आक्का, झाड सुकाय लागलंय वो." रंभाबाई म्हणाली, "लागू दे." पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की तिला लाज वाटायची. आपण पितोय आणि तो तहानलेला उभा आहे. असं तिला वाटायचं, 'तो'च वाटायचं, आणि ती अर्धा तांब्या ठेवून द्यायची.

एकसष्टची होळी आली ती ग्रहण घेऊनच. पौर्णिमेचा चंद्र डोंगरावर आला तोच मुळी कुरतडलेला. गावानं होळी कधी पेटवायची याचा घोळ घातला. त्या गडबडीत भिवाजी परड्यात आला, मागं तुळजाबाई, तिच्या हातात मुसळ. तुळजाबाईला पाच लेकरं, पाचही धडधाकट. गावात तिच्याइतकी लायक लेकुरवाळी नव्हती.

भिवाजी वाईट वागत होता असं कुणी समजू नये. मुदत त्या दिवशी संपत होती. आपल्या हातनं कुऱ्हाड लागण्याआधी एक शेवटचा उपाय करून बघावा म्हणून तो आला होता. तो आपल्या परीनं वहिनीचीच बाजू घेत होता.

"वैनी, गिरान हाय. तीन ठोके मारू. जागं झालं तर झालं."

रंभाबाई झाडाखाली जाऊन उभी राहिली. इतक्या दिवसांनी ती त्याच्या एवढ्या जवळ आली होती. पाठीला खोड लागलं, गार आणि खरखरीत. अर्ध्या चंद्राच्या उजेडात तुळजाबाईच्या हातातलं मुसळ तिला दिसत होतं.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी तवा लहान व्हता. मलाबी मारलं व्हतं. काय झालं?"

भिवाजीला ते माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं आणि वीस वर्षांत त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. तुळजाबाईनं मुसळ हळूच खाली टेकवलं, मग भिंतीशी ठेवून दिलं आणि पदर तोंडाला लावला.

भिवाजी म्हणाला, "मग उद्या कुऱ्हाड लावाया पायजे. ठरलं व्हतं."

"व्हय, ठरलं व्हतं. पाडव्यापतूर थांबा."

"होळी ठरली व्हती, वैनी."

"ठरली व्हती. मी मागतीया."

या घरात येऊन तिला तीस वर्षं होत आली होती. लुगडं मागितलं नाही, माहेर मागितलं नाही, वाटणी मागितली नाही. भिवाजी हिशेबी होता, पण दगड नव्हता. "पाडव्यापतूर," एवढंच म्हणून तो गेला.

पंधरा दिवसांतले पहिले दहा दिवस काही झालं नाही. अकराव्या दिवशी फांद्यांचे शेंडे फुगलेले दिसले. रंभाबाईनं बघितलं आणि मनाला बजावलं, पालवी असेल, नेहमीसारखी. पण पालवी तांबूस असायची, हे काहीतरी भुरकट, लवदार होतं. तिनं रोज बघायचं आणि रोज विश्वास ठेवायचं नाकारायचं असं चालवलं. पाडव्याच्या सकाळी ती दारात सडा घालत होती. परड्यातून बारीक गुणगुण यायला लागली. आधी तिला वाटलं, दूर कुणीतरी जात्यावर बसलंय. मग वाटलं, कानच वाजतायत. ती हातातला तांब्या घेऊन तशीच आत गेली. झाडाच्या शेंड्याशेंड्यावर पिवळट फुलांचे तुरे उभे होते, नखाएवढीही नसतील अशी फुलं, आणि डोंगरातल्या झाडून सगळ्या मधमाश्या त्यांवर उतरल्या होत्या. मधासारखा वास परडं भरून राहिला होता. ती किती वेळ उभी होती तिला कळलं नाही. भानावर आली ती धुळाजी म्हाताऱ्याचा शब्द आठवून. फूल धरलं की मग पाज.

तांब्यातलं पाणी तिनं तिथंच ओतलं आणि हंडा घेऊन ओढ्याला धावली. त्या दिवशी गुढी कुणी उभारली, पुरणपोळी कुणी लाटली, तिला माहीत नाही. तिनं आठ हंडे आणले. आठव्या हंड्याला भिवाजी कुऱ्हाड न घेता परड्यात उभा होता. वर बघून म्हणाला, "राह्यलं." आणि तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून त्यानं स्वतः ओतला.

आषाढातल्या वाऱ्यानं निम्मी फळं पाडली. उरलेल्यांवर वटवाघळांनी हात मारला. तरी श्रावणात दोन घोस राहिले, फळं रंगानं मातकट, सुपारीहून थोडी मोठी. भुरभुर पाऊस होता. गावातली दहा-वीस माणसं इरली-घोंगड्या घेऊन कुडाबाहेर जमली. कुशाबाचा डोळा कसा असतो ते बघायचं होतं. रंभाबाईनं पहिलं फळ तोडलं, नखानं साल काढली. आत पांढरं, पाण्यासारखं, आणि त्याच्या पोटात काळं बुबूळ. कुडाबाहेर कुजबुज झाली. एवढं तरी खरं निघालं.

तिनं डोळे मिटून ते तोंडात घातलं.

गोड होतं. पण साधंच गोड, उसाचा रस पाणी घालून वाढवल्यासारखं. गर इतका पातळ की जिभेवर आला न आला तोच दातांना बी लागली. सगळं फळ म्हणजे बीच. तिनं मोगरा शोधला. जिभेनं बी फिरवून फिरवून शोधला. मोगरा नव्हता.

"कसं हाय?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

रंभाबाईनं तोंड उघडलं, पण तिला बोलता येईना. खोटं बोलायची तिची तयारी होती, शब्दच वर येईनात. तिनं दुसरं फळ सोलून भिवाजीच्या हातावर ठेवलं. त्यानं खाल्लं. सावकाश चघळलं. बी हातात काढून बघितली, मग वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. तिला धडकी भरली. हा माणूस उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता. सख्ख्या मेव्हण्यासाठीसुद्धा बोलला नव्हता.

"भिवाजी, बोल की," बाहेरचा म्हणाला.

भिवाजीनं बी मुठीत धरली आणि कुडाकडे वळला.

"दादा कमीच सांगत व्हता," तो म्हणाला. "त्याहून लई गोड हाय."

मग तो मागं न बघता, पावसात, खाचराकडं निघून गेला. रंभाबाई झाडाखाली बसली आणि पोटभर रडली.